सोळा जणांमागे एक तिकीट मोफत : हजच्या जहाजांपासून क्रूझपर्यंत

गेल्या काही वर्षांत आमच्या शहादा-म्हसावदच्या पट्ट्यात सहलीची एक नवी हौस आली आहे. पूर्वी चार घरची माणसं मिळून गाडी करायची आणि अजमेर नाहीतर खुलताबाद गाठायची. आता केळी-पपईचे पैसे हातात आले, की मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची चौकशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती फिरतात. ‘ग्रुप जमवा, सोळा जणांमागे एक तिकीट मोफत, केबिन शेजारी-शेजारी.’ सतरावा माणूस फुकट जाणार म्हटल्यावर प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी हौशी माणूस यादी करायला बसतोच.

ते मोफत तिकीट कुणाचं? यादी करणाऱ्याचं, एजंटचं, की सगळ्या सोळा जणांचं? प्रश्न वरवर पाहता खर्चाच्या वहीतला आहे. पण जमातीनं समुद्रावर जायचं आणि जमात असल्याचा फायदा घ्यायचा, ही गोष्ट आपल्याकडे क्रूझ कंपन्यांनी आणलेली नाही. तिला साडेचारशे वर्षांचा लिखित इतिहास आहे आणि तो हजच्या वाटेवर घडला आहे. ‘ग्रुपचा फायदा’ या शब्दांचा अर्थ त्या इतिहासात पाच-सहा वेळा बदलला. म्हणून तो आज सांगावासा वाटतो.

सुरतेचा दरवाजा

म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी. समुद्राशी आपला काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण जुना नकाशा पाहिला तर वेगळंच दिसतं. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारी मोठी वाट नंदुरबारवरून जात होती. इंग्रज राजदूत थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला, तो याच वाटेनं. कापूस, नीळ, कापड याच वाटेनं बंदराकडे उतरत होतं. खानदेशातून हजला निघालेल्या माणसासाठीही समुद्राची जवळची वाट तापीच्या कडेनं सुरतेलाच जाणारी होती.

सुरतेला त्या काळी ‘बाब-उल-मक्का’ म्हणत, म्हणजे मक्केचा दरवाजा. आग्रा, लाहोर, बुऱ्हाणपूर, कुठूनही आलेला यात्रेकरू इथं येऊन थांबायचा. हे थांबणं काही दिवसांचं नसे. पाल उभारून जाणारी जहाजं मोसमी वाऱ्यावर अवलंबून होती. वारा चुकला की वर्ष गेलं. एकट्यादुकट्याला परक्या गावात इतका काळ काढणं अवघड. म्हणून लोक ओळखीच्या गावच्या, बिरादरीच्या माणसांबरोबर निघत. खोली एक, चूल एक, आजारी पडला तर बघणारं कुणीतरी आहे. ग्रुपचा पहिला फायदा हा असा अगदी साधा होता.

कोकणातही असे दरवाजे होते. दाभोळहून हजची जहाजं सुटत. दाभोळच्या किनाऱ्यावर आजही एक देखणी जुनी मशीद उभी आहे. विजापूरच्या एका शहजादीची हकीकत तिच्याशी जोडली जाते. मोठा लवाजमा घेऊन ती हजसाठी दाभोळला आली, पण समुद्रावरच्या चाच्यांच्या भीतीमुळे तिला निघता आलं नाही. मग बरोबर आणलेल्या पैशांतून तिनं ही मशीद बांधली, असं सांगतात. ही आख्यायिका आहे. तरीही त्या काळच्या प्रवासाबद्दल ती एक गोष्ट खरी सांगते. नुसती माणसं आणि पैसा जमवून भागत नव्हतं, समुद्रावर चालणारी हमीही लागत होती.

मीर हज आणि बेगमांचा काफिला

ही हमी मोठ्या प्रमाणावर देण्याचा प्रयत्न अकबरानं केला. १५७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर सुरत त्याच्या हातात आली. १५७६ मध्ये त्यानं सुलतान ख्वाजा यांना ‘मीर हज’ नेमलं, म्हणजे हजच्या काफिल्याचा प्रमुख. त्यांच्याबरोबर मक्का-मदिनेत वाटण्यासाठी सहा लाख रुपये आणि बारा हजार खिलती दिल्याची नोंद आहे. ज्याला हजला जायचं असेल त्याचा खर्च सरकारी खजिन्यातून होईल, असंही जाहीर झालं. पुढच्या वर्षी गुजरातचे मीर अबू तुराब मीर हज झाले.

इथं मीर हजचं काम नीट पाहायला हवं. तो स्वतः फुकट जात होता यात शंका नाही. पण त्याच्याबरोबरचा गरीब यात्रेकरूही फुकटच जात होता. मीर हजकडे दिलेला पैसा पोहोचवण्यासाठी आणि वाटण्यासाठी होता. आपल्या परंपरेत तिघं जण प्रवासाला निघाले तरी त्यांनी एकाला अमीर करावं, अशी शिकवण आहे. अमीर म्हणजे सोबतच्यांची जबाबदारी ज्याच्या अंगावर आहे तो. मीर हज हे त्याच शिकवणीचं दरबारी रूप होतं.

त्याच सुमारास एक दुसरा काफिला निघाला होता. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. वय पन्नाशीच्या पुढचं. सोबत सलीमा सुलतान बेगम आणि घराण्यातल्या इतर बायका. बादशहाच्या घरच्या या बायकांनाही सुरतेला जवळपास वर्षभर अडकून राहावं लागलं. कारण अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज सोडणं धोक्याचं होतं. त्या परवान्यावर मरियम आणि येशूची चित्रं असत. अशा परवान्यानं जावं लागत असेल तर हज फर्जच राहत नाही, असं मत मखदूम-उल-मुल्कसारख्या दरबारी उलेमांनी दिलं होतं. बायकांनी ते मनावर घेतलं नाही. १५७६ च्या ऑक्टोबरात त्यांची जहाजं सुटली. त्या साडेतीन वर्षं हिजाजमध्ये राहिल्या आणि त्यांनी चार हज केले. उस्मानी सुलतानाकडून त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. परतताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथं बरेच महिने गेले. १५८२ मध्ये त्या फतेहपूरला परतल्या.

सात वर्षांचा प्रवास एकट्या बाईला त्या काळी कुणी करू दिला नसता. बायकांचा काफिला होता म्हणून तो झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवू, पुढे तिचा संबंध आपल्या काळाशी येणार आहे.

ताफ्यामागे राहिलेलं जहाज

सतराव्या शतकात सुरतेची जहाजं एकत्र निघू लागली. अनेक जहाजांचा ताफा बरोबर असला की चाच्यांना हल्ला करणं जड जाई. पण ताफ्याचा फायदा ताफ्यात असेपर्यंतच. १६९५ मध्ये मोखा-जेद्दाहकडून परतणाऱ्या ताफ्यातली बहुतेक जहाजं रात्रीच्या अंधारात चाच्यांना चुकवून निघून गेली. दोन जहाजं मागे पडली. एक सुरतेचे धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर यांचं ‘फतेह मुहम्मदी’, दुसरं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’. गंज-ए-सवाईवर हजहून परतणारे यात्रेकरू होते, त्यांत बायकाही होत्या. इंग्रज चाचा हेन्री एव्हरी यानं आधी पहिलं आणि मग हे दुसरं जहाज गाठलं. त्यावर झालेल्या लुटीनं आणि अत्याचारांनी सुरत हादरली. संतापलेल्या शहरात इंग्रज कंपनीची माणसं कैदेत पडली, आणि पुढे युरोपीय कंपन्यांना यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचं कबूल करावं लागलं.

म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रुपच्या फायद्याचा अर्थ झाला तोफांचं संरक्षण. त्यासाठी किंमत मोजली ती मागे पडलेल्या जहाजानं.

आगबोटी, दलाल आणि जेद्दाहचे रस्ते

अठराव्या शतकात सुरत मागे पडली आणि मुंबई पुढे आली. मग आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि हजचा प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ च्या हजला मोठा लवाजमा घेऊन मुंबईहूनच गेल्या होत्या. जेद्दाहच्या जकातवाल्यांनी सामानाची केलेली ओढाताण त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. बेगमची ही गत, तर डेकवर बसून जाणाऱ्या शेतकऱ्याची काय असेल?

त्याची गाठ पडायची दलालाशी. मुंबईत उतरलेल्या यात्रेकरूला दलाल गाठत आणि जहाजापर्यंत नेत. जहाजमालक दलालाला डोईमागे दलाली देत. जितकी डोकी जास्त, तितकी कमाई जास्त. त्यामुळे जहाज भरेपर्यंत लोकांना मुंबईत ताटकळत ठेवणं, ऐनवेळी भाडं बदलणं, जागा नसताना तिकीट विकणं, हे सर्रास चालायचं. ग्रुप जमवण्याची बक्षिसी इथं पहिल्यांदा ग्रुपच्या हातातून निसटली आणि मधल्या माणसाकडे गेली. मीर हजच्या जागी दलाल आला. काम वरून सारखंच दिसत होतं, माणसं जमवायची आणि जहाजावर चढवायची. फरक इतकाच, की मीर हजला लोकांच्या परतीचीही काळजी होती. दलालाचा हिशेब जहाज सुटलं की मिटायचा.

त्याचा परिणाम जेद्दाहच्या रस्त्यांवर दिसत होता. एकतर्फी तिकीट काढून गेलेले, पैसे संपलेले, आजारी पडलेले हिंदी यात्रेकरू तिथं अडकून पडत. त्यांची नोंद ठेवली डॉ. अब्दुर रज्जाक यांनी. ते हिंदुस्थान सरकारचे डॉक्टर होते, १८८२ पासून जेद्दाहला ब्रिटिश उपवकील म्हणून राहिले. रोगराई, जहाजांची गर्दी, अडकलेले गरीब, यांविषयी त्यांनी वर्षानुवर्षं अहवाल पाठवले. १८९५ मध्ये जेद्दाहबाहेर झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले. आपल्या लोकांच्या इतिहासात या माणसाचं नाव फारसं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

१८८० ची एक घटना तर जगभर गाजली. ‘जेद्दाह’ नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगकडून साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू घेऊन निघाली होती. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात जहाजात पाणी शिरलं. इंग्रज कप्तान आणि अधिकारी यात्रेकरूंना तसंच सोडून होडीतून निघून गेले. एडनला पोहोचून त्यांनी जहाज बुडाल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते ‘बुडालेलं’ जहाज दुसऱ्या एका आगबोटीच्या दोराला बांधून एडनला आलं, वर यात्रेकरू जिवंत! याच घटनेवरून जोसेफ कॉनरॅडला ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी सुचली. कादंबरी पळून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनाची आहे. मला मात्र नेहमी डेकवरच्या त्या लोकांचं कुतूहल वाटत आलं आहे. त्यांनी पाणी उपसत जहाज तरंगतं ठेवलं होतं.

थॉमस कुक मुंबईत येतात

आज जगभरातला पर्यटनधंदा ग्रुप टूरची सुरुवात ५ जुलै १८४१ पासून मोजतो. त्या दिवशी इंग्लंडमधल्या थॉमस कुकनं लेस्टरहून लाफबरोपर्यंत पाचशेच्या आसपास माणसं रेल्वेनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. ती मंडळी दारूबंदीच्या सभेला चालली होती. एकगठ्ठा तिकिटं घेतली की रेल्वे स्वस्तात देते आणि गरीब माणसालाही प्रवास परवडतो, हे कुकनं ओळखलं. पुढे त्याची कंपनी नाईल नदीवर स्वतःच्या आगबोटी चालवू लागली. नदीवरच्या या सहली आजच्या क्रूझच्या पूर्वजच.

ही कंपनी हजच्या व्यवहारात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. यात्रेकरूंच्या हालांचा बोभाटा झाल्यावर हिंदुस्थान सरकारनं १८८६ मध्ये थॉमस कुक अँड सन या कंपनीला हजच्या वाहतुकीचं काम दिलं. थॉमस कुकचा मुलगा जॉन मेसन कुक यानं त्यात लक्ष घातलं. कल्पना सरळ होती. भाडं आधी जाहीर करायचं, रेल्वे आणि जहाज यांचं तिकीट जोडून द्यायचं, जहाज ठरल्या दिवशी सोडायचं.

कल्पना चांगली असूनही ती टिकली नाही. दलाल आणि जहाजमालक यांचं जाळं जुनं आणि खोल होतं, त्यांनी भाडी पाडून स्पर्धा केली. यात्रेकरूंचा भरवसा आपल्या भाषेत बोलणाऱ्या दलालावर, लंडनच्या कंपनीवर नव्हे. नफा होईना आणि सरकारही तोटा किती दिवस सोसणार? १८९३ मध्ये कुक कंपनी या कामातून बाहेर पडली. जगाला ग्रुप टूर शिकवणारी कंपनी आपल्या डेकवाल्या हाजींपुढे सात-आठ वर्षांत थकली. लोक स्वस्त भाड्यापेक्षा ओळखीच्या माणसावर विसंबतात, हा यातला धडा. ओळखीचाच माणूस फसवतो तेव्हा तो इतका महाग का पडतो, तेही यातूनच कळतं.

परतीचं तिकीट

१८९५ च्या यात्रेकरू जहाज कायद्यानं शंभराहून अधिक यात्रेकरू असलेल्या जहाजावर डॉक्टर ठेवणं बंधनकारक केलं. एकट्या प्रवाशाला डॉक्टर कोण देणार? शंभर जण झाले की डॉक्टर मिळतो. ग्रुपचा हा फायदा कायद्यानं लिहून दिलेला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये हजची जहाजं बंदच ठेवावी लागली. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर १८८२ पासून क्वारंटाइन होतं. तिथं जहाजातले सगळे उतरवले जात, कपडे वाफेवर घातले जात. तिथल्या हालांच्या तक्रारी अनेक वर्षं होत राहिल्या.

साधारण १९०० च्या सुमाराला तापी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली आणि नंदुरबार सुरतेला रुळांनी जोडलं गेलं. नियतीचा खेळ असा, की गाडी आली तेव्हा सुरतेचा जुना दरवाजा बंद झालेला होता. गाडीनं सुरतेला उतरायचं आणि दुसऱ्या गाडीनं मुंबईला जायचं. मुंबईत मुक्काम मुसाफिरखान्यात. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींच्या कित्येक पिढ्यांना आठवेल. दानशूर माणसांनी बांधलेली ही जागा म्हणजे दलालाच्या खोलीला दिलेलं उत्तर होतं. तिथं माणूस मोफत किंवा नाममात्र पैशांत राहायचा आणि त्याच्यामागे कुणी दलाली खायचं नाही.

जेद्दाहला अडकणाऱ्या गरिबांचा प्रश्न सुटायला मात्र १९२० चं दशक उजाडलं. यात्रेकरूनं परतीचं तिकीट काढावं किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असा नियम तेव्हा झाला. मतभेद होते. हजला जाण्यावर ही आर्थिक अट कशाला, असा आक्षेप अनेक वर्षं घेतला जात होता. तरी या नियमानं किती माणसं परक्या बंदरात भीक मागण्यापासून वाचली असतील! १९३२ च्या कायद्यानं मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांत हज कमिट्या नेमल्या गेल्या.

जहाजं बहुतेक मुघल लाइनची. १८७७ मध्ये बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन या नावानं निघालेली ही कंपनी पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली गेली. मोहम्मदी, इस्लामी, रिझवानी, अकबर ही जहाजांची नावं जुन्या हाजींच्या तोंडी गावातल्या माणसांच्या नावांसारखी असत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीनं हजच्या मार्गावर जहाजं घातली आणि भाड्याचं युद्ध पेटलं. दोन कंपन्या भांडल्या तेव्हा काही काळ डेकवाल्याचा फायदा झाला. १९६० मध्ये मुघल लाइन सरकारी मालकीत आली, पुढे शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. विमानं वाढली, जहाजं म्हातारी झाली, आणि १९९५ नंतर समुद्रमार्गे हज थांबला.

आमच्या भागात हाजी निघाला की अख्खा गाव पोहोचवायला यायचा. लोखंडी पेटी, वळकटी, सुक्या भाकरी, लोणच्याची बरणी. चार गावचे हाजी मिळून एक जमात व्हायची आणि त्यात एखादा आधी जाऊन आलेला असला तर तोच अमीर. त्याला कुणी मोफत तिकीट देत नसे. उलट त्याच्या पदरचेच दोन पैसे जास्त जायचे.

कव्हर आणि चार बायका

हज विमानानं होऊ लागला तरी जमातीचं तत्त्व सुटलेलं नाही. हज कमिटीच्या अर्जात चार-पाच जणांचं एक ‘कव्हर’ असतं. कुर्रा, म्हणजे सोडत, कव्हरची निघते. निघाली तर सगळ्यांची, राहिली तर सगळ्यांची. नशीबच एकत्र बांधून टाकणारी अशी पद्धत दुसऱ्या कुठल्या बुकिंगमध्ये माझ्या पाहण्यात नाही.

२०१८ पासून आणखी एक बदल झाला. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय, चार किंवा अधिक जणींचा गट करून, हजचा अर्ज करता येऊ लागला. पहिल्याच वर्षी हजाराहून अधिक बायकांनी अर्ज केले. या निर्णयावर वाद झाले, फिकही मतभेद आहेत आणि ते मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला गुलबदन बेगमचा काफिला आठवतो. एकट्या विधवेला जे दार बंद होतं, ते चौघी एकत्र आल्यावर उघडलं. चार जणींना चार हजारांची सूट मिळाली असती तरी त्याची किंमत या परवानगीपुढे काहीच नसती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हज-उमराहच्या खासगी ग्रुपचा धंदा मोठा झाला आहे. त्यात प्रामाणिक माणसं भरपूर आहेत. तरी दर वर्षी कुठे ना कुठे ऐकू येतं, की एजंट पैसे घेऊन बेपत्ता झाला, किंवा हरमजवळचं हॉटेल सांगून लांब कुठेतरी उतरवलं. अशा वेळी पैसे भरणारे सांगतात, की आम्ही एजंटला ओळखतच नव्हतो, आमच्या गावचा माणूस म्हणाला म्हणून दिले. गावच्या त्या माणसाला डोईमागे काही मिळत होतं का, हे विचारण्याचा संकोच असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत हेच चालत होतं.

मग क्रूझचं काय?

क्रूझ ही मौज आहे, इबादत नाही. दोन्हींची तुलना करायचा माझा हेतू नाही. पण जहाज, जमात आणि मधला माणूस हे त्रिकूट तेच आहे. म्हणून ग्रुप करायचाच असेल तर जुन्या अनुभवावरून काही गोष्टी आधी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट मोफत तिकिटाची. अनेक क्रूझ कंपन्या आठ केबिन, म्हणजे सोळा माणसं, झाली की ग्रुप मानतात आणि एक जागा विनाभाडं देतात. ‘मोफत’ म्हणजे बहुधा फक्त भाडं. कर, बंदराचे आकार आणि नोकरांची बक्षिसी त्यात धरलेली नसते. ही सवलत सोळा जणांच्या पैशांतून आली आहे, हे पहिल्या बैठकीतच सगळ्यांसमोर बोलावं. मग ती सतरा जणांत वाटा, की गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला न्या, की धावपळ करणाऱ्याला खुशीनं द्या. तिन्ही गोष्टी चांगल्या. लपवून ठेवली तर तीच सवलत दलाली होते.

दुसरी गोष्ट परतीच्या तिकिटाची, म्हणजे आजच्या भाषेत रद्द करण्याच्या अटींची. अनामत किती, ती कुठल्या तारखेपर्यंत परत मिळते, एक माणूस गळाला तर सोळाचे पंधरा होऊन सगळ्यांचीच सवलत जाते का, नाव बदलून मिळतं का, हे लेखी घ्यावं. पैसे शक्यतो प्रत्येकानं कंपनीच्या किंवा नोंदणीकृत एजन्सीच्या खात्यात भरावेत आणि पावती आपल्या नावाची घ्यावी.

तिसरी गोष्ट, सवलती मागून घ्याव्या लागतात. केबिन शेजारी-शेजारी, म्हाताऱ्यांची लिफ्टजवळ, जेवणाची वेळ आणि टेबल एकत्र, हे ग्रुपला सहसा मिळतं, पण बुकिंगच्या वेळी सांगितलं तरच. आपल्या लोकांनी हलाल जेवणाची चौकशी आधीच करावी. शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर त्यांचीही सोय त्याच फोनवर विचारावी. नमाजसाठी एखादी मोकळी जागा वेळेपुरती मिळेल का, हे एकट्यानं विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. सोळा जणांचा ग्रुप विचारतो तेव्हा ऐकून घेतलं जातं.

चौथी गोष्ट अमीराची. यादी करणारा एक असावा, हिशेब ठेवणारा दुसरा. वही कुणालाही पाहता यावी. ज्याला जहाजावर जाऊन फक्त मजा करायची आहे त्यानं अमीर होऊ नये. कुणाची गोळी विसरली, कुणाला मळमळतंय, कुणाचं आधार कार्ड घरीच राहिलं, हे बघण्यासाठी तो असतो.

२०१८ मध्ये समुद्रमार्गे हज पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली होती. सौदी सरकारनं तत्त्वतः मान्यता दिल्याचंही सांगितलं गेलं. जहाज अजून सुटलेलं नाही. कधी सुटलंच तर त्यावरचा डेक पूर्वीसारखा असणार नाही. केबिन असतील, कदाचित क्रूझसारखीच जहाजं असतील. तेव्हाही ग्रुप जमतील, जाहिराती निघतील, मोफत जागांचे आकडे छापले जातील. तोवर मौजेच्या जहाजावर का होईना, हिशेब उघडा ठेवण्याची सवय आपण लावून घेतली तर बरं. ज्या जमातीला सोळा जणांच्या सहलीत मोफत तिकीट कुणाचं हे मोकळेपणानं बोलता येतं, तिला हजच्या वेळी एजंटला प्रश्न विचारताना संकोच वाटणार नाही.